तळघरातला गोंधळ आणि तासावर वाजवणारे वादक

कीबोर्डवाला_पुणेकर
मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात तापाने आडवा होतो, तेव्हा रोलिंग स्टोन्सचा 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' पांघरुणात हेडफोन लावून सलग तीनदा ऐकला. हा अल्बम कसा झाला ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. १९७१ ला इंग्लंडमधला टॅक्स चुकवायला बँड फ्रान्सला पळाला, कीथ रिचर्ड्सने विल्फ्रांशला समुद्रकाठी नेलकोत नावाचा बंगला भाड्याने घेतला आणि त्याच्या तळघरात रेकॉर्डिंग सुरू झालं. उन्हाळा, दमट हवा, गिटार लावली की दोन मिनिटात उतरायची. वारा यायला एक छोटंसं व्हेंटिलेटर, त्यावरूनच एका गाण्याला नाव पडलं. कोण कुठल्या खोलीत वाजवतोय ते एकमेकांना दिसत नाही, मशिनं बाहेर उभ्या ट्रकमध्ये, त्यामुळे इंजिनियर अँडी जॉन्सला काही सांगायचं तर ट्रकमधून उतरून तळघरात पळत यायचं. कीथ खाली कधी येणार याचा भरवसा नाही, आला तर पहाटेपर्यंत चालणार. त्यात पुढे घरातून गिटारीच चोरीला गेल्या.

आणि या सगळ्यात एका खोलीत निकी हॉपकिन्स नावाचा काडीपैलवान माणूस पियानोपाशी बसलाय. बँडचा मेंबर नाही, पण त्याच्याशिवाय 'लव्हिंग कप' सुरूच होत नाही! हा माणूस बीटल्सकडे वाजवून गेला, द हूकडे, किंक्सकडे, लेननच्या 'जेलस गाय'चा पियानो त्याचा. घरोघरी ऐकलेला आणि कुणालाच नावानिशी माहीत नसलेला.

मी स्वतः ऑर्केस्ट्रात हौसेने कीबोर्ड वाजवतो (दिवसा आयटी हमाल), म्हणून प्रश्न पडला. असं भारी संगीत गोंधळामुळे होतं की गोंधळ असूनही होतं? आणि दुसरं, हॉपकिन्स ऐकायचा तर कुठून सुरुवात करू?

तुणतुणं
शीर्षक वाचून संबळ शोधत आत आलो. बघतो तर गोरे लोक. तरी हरकत नाही, रात्रभर चालतो तो गोंधळच :)

खडूस_काका
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: असूनही. धागा बंद करा.

बार्न्सचा_बाळ्या
काका, एवढ्यात बंद नाही होणार, मी पॉपकॉर्न आणलेत.

मी लंडनला कामाला होतो तेव्हा बार्न्सला राहायचो, ऑलिम्पिक स्टुडिओच्या अगदी जवळ. स्टुडिओ २००९ ला बंद पडला आणि आता तिथे थिएटर आहे, खाली मस्त कॉफी मिळते. मी तिथे शनिवारी बसून विचार करायचो की इथेच १९६८ च्या जूनमध्ये आग लागली होती. स्टोन्सचं 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' चाललेलं आणि गोदार नावाचा फ्रेंच दिग्दर्शक त्याचं शूटिंग करत होता, त्याच्या दिव्यांनी छत पेटलं. सिनेमा बघितला तर कळतं की गाणं आधी अगदीच वेगळं होतं, संथ, गिटारवरचं, आणि दिवसेंदिवस तेच ते वाजवून वाजवून शेवटी सांबाच्या ठेक्यावर आलं. त्यात पियानो कोणाचा? तुमच्या काडीपैलवानाचा. सुरुवातीला फक्त कोंगा, मग पियानोचे नुसते कॉर्ड, आणि गाणं तापत जातं तसा तो माणूस हळूहळू हात सोडतो. तो पियानो काढा, गाणं पांगळं होतं. तेव्हा माझं मत गोंधळामुळे. आधीच ठरवून आले असते तर पहिल्याच दिवशी ते संथ गाणं रेकॉर्ड करून घरी गेले असते ना.

खडूस_काका
@बाळ्या, छताला आग लागल्यामुळे सांबा आला असं म्हणायचंय का? शोधणं वेगळं आणि गोंधळ वेगळा. पाच दिवस एकच गाणं वेगवेगळ्या प्रकारे वाजवून बघणं याला रियाज म्हणतात. आणि नेलकोतचंही अर्धंच सांगितलंय धागाकर्त्याने. तळघरातल्या टेप घेऊन मंडळी नंतर लॉस एंजेलिसला गेली, सनसेट साउंड स्टुडिओत कित्येक महिने बसून गाणी निस्तरली, तेव्हा कुठे १९७२ च्या मे मध्ये अल्बम आला. गोंधळ विल्फ्रांशला आणि आवराआवर अमेरिकेत. गोष्टी मात्र सगळे तळघराच्याच सांगतात, कारण आवरणाऱ्याची गोष्ट कोण ऐकतं.

साथीला_तबला
काकांशी सहमत पण माझं कारण वेगळं आहे. जरा लांबड लावतो, मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन माफ.

मी वीस वर्षं साथीदार म्हणून वाजवतोय, भावगीतं, नाटकं, मालिकांचं पार्श्वसंगीत, मिळेल ते. साथीदाराची पहिली गोष्ट म्हणजे वेळ. लंडनला तेव्हा युनियनचा तीन तासांचा सेशन असायचा, सकाळी दहा ते एक, दुपारी दोन ते पाच, संध्याकाळी सात ते दहा. चांगला वादक दिवसात तीन ठिकाणी वाजवायचा, सकाळी जाहिरात, दुपारी कुठली तरी गायिका, रात्री रॉक बँड. जिमी पेज आणि जॉन पॉल जोन्स दोघेही लेड झेपेलिन बँडच्या आधी हेच करत होते. त्या घड्याळात वाढलेल्या माणसाला 'कीथ आज खाली येईल बहुतेक' असं सांगितलं तर त्याचं काय होत असेल?

माझं सांगतो. एका रेकॉर्डिंगला (नाव नको, अजून त्यांच्याकडून फोन येतात) सकाळी नऊला बोलावलं. मी साडेआठला हजर, तबला लावून बसलो काळी पाचला. गायक महाशय दोन वाजता उगवले, आल्या आल्या म्हणाले आज घसा बसलाय, एक स्वर खाली घेऊ. झालं! पाचचा तबला एवढा खाली उतरवला तर बोलतो का? टपरी वाजते. दुसरा मागवायला माणूस पाठवला, तो ट्रॅफिकमध्ये, तोवर कोणीतरी वडे आणले, मग गायकांनी किस्से सांगितले. रेकॉर्डिंग रात्री अकराला संपलं, गाणं खरंच उत्तम झालं, आजही लोक सांगतात की त्या दिवशी काय माहोल होता! माहोल त्यांचा. मला पैसे एकाच शिफ्टचे मिळाले आणि शेवटची लोकल गेली म्हणून स्टेशनवर झोपलो.

म्हणून सांगतो, ज्याला तासावर पैसे मिळत नाहीत त्यालाच गोंधळ परवडतो. बाकीचे वाट बघतात. आणि वाट बघताना हात गरम ठेवावे लागतात, ती कला वेगळीच. उगाच नाही हॉपकिन्स टिकला.

तुणतुणं
'माहोल त्यांचा, लोकल माझी गेली' हे शर्टावर छापून घेणार. हसून हसून पुरेवाट.

कीबोर्डवाला_पुणेकर
@तबला, दंडवत घ्या. वाट बघण्यावरून आठवलं, १९६९ ला ऑलिम्पिकमध्येच कीथ सेशन सोडून निघून गेला होता. स्टोन्सपैकी बाकीचे बसले होते, जॅगर, वॉट्स, वायमन, गिटारला राय कूडर आणि आपला निकी. करायचं काय, तर टाइमपास म्हणून वाजवत बसले. ते १९७२ ला अल्बम म्हणून चक्क विकलं, 'जॅमिंग विथ एडवर्ड'. एडवर्ड म्हणजे निकीचं टोपणनाव. म्हणजे वाट बघण्याचीही कॅसेट निघाली!

साथीला_तबला
आम्ही वाट बघताना पत्ते खेळतो, त्याचीही काढा म्हणावं.

ऑर्गनदाता
माझा आवडता किस्सा आला नाही अजून? १६ जून १९६५, न्यूयॉर्क, कोलंबियाचा स्टुडिओ, गायक बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन'. अल कूपर नावाचं एकवीस वर्षांचं पोरगं तिथे नुसतं बघायला बोलावलेलं, पण हा पठ्ठ्या गिटार घेऊन वेळेआधी जाऊन बसला, वाजवायचंच म्हणून. तेवढ्यात माइक ब्लूमफिल्ड आला, बाहेर पाऊस, गिटारला केस नाही, खांद्यावर उघडी भिजलेली टेलिकास्टर. कोपऱ्यात जाऊन पुसली आणि वाजवायला लागला. कूपरने ते ऐकलं आणि आपली गिटार गपचूप पेटीत घातली, आत जाऊन बसला. शहाणा! मग ऑर्गनवरच्या पॉल ग्रिफिनला पियानोवर हलवलं आणि ऑर्गन रिकामा झाला. कूपर जाऊन बसला त्यावर. येत नव्हता त्याला ऑर्गन! म्हणून तो बाकीचे कुठला कॉर्ड वाजवतात ते ऐकून मग किंचित उशिरा बोट ठेवायचा, चुकायला नको म्हणून. प्लेबॅकला डिलन म्हणाला ऑर्गन वाढव. निर्माता टॉम विल्सन म्हणाला अरे तो ऑर्गनवाला नाहीये. डिलनने ऐकलं नाही.

आता ते गाणं लावा आणि ऑर्गन कसा एक पाय मागे ठेवून चालतो ते ऐका. हा बाळ्याच्या बाजूचा पुरावा समजावा. नियमाने चाललेल्या सेशनमध्ये तो पोरगा ऑर्गनच्या जवळ पोचलाच नसता.

बार्न्सचा_बाळ्या
+१ +१ +१

खडूस_काका
मान्य, हा मुद्दा भारी आहे. पण एक कूपर सापडला म्हणून बाकीच्या हजार वायफळ रात्री माफ होत नाहीत. लॉटरी लागलेलाच मुलाखत देतो.

धूर_पाण्यावर
अवांतर: धाग्यातला तो ट्रक! स्टोन्सचा मोबाइल स्टुडिओ. तोच ट्रक १९७१ च्या डिसेंबरमध्ये डीप पर्पल बँडने स्वित्झर्लंडला मोंत्रोला नेला. कॅसिनोत रेकॉर्ड करायचं ठरलं होतं, आदल्या कार्यक्रमात झापाचा बँड वाजवत असताना प्रेक्षकातल्या कुणीतरी फ्लेअर गन उडवली आणि कॅसिनोच जळून खाक. मग दुसऱ्या हॉलमध्ये गेले तर शेजारपाजाऱ्यांनी पोलीस बोलावले, टेक पूर्ण होईपर्यंत मदतनीस मंडळी दार दाबून उभी. शेवटी हिवाळ्यात बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून केलं. ट्रकपर्यंत जायचा रस्ता इतका आडवळणाचा, खोल्यांतून, बाल्कनीतून, की टेक ऐकायला जायचंच सोडून दिलं त्यांनी. जगात गिटार हातात घेतलेला प्रत्येक पोरगा जी पहिली चाल वाजवतो, 'स्मोक ऑन द वॉटर'ची, ती या भानगडीतून आलीय.

ट्रकची पत्रिका बघायला हवी कोणीतरी.

मीरा_मिरजकर
छान चाललंय पण ते सेशनवाले (तासावर वाजवणारे) कुठे होते, पर्पलवाले स्वतःच बँड होते. आणि इतक्या प्रतिसादांत एकही बाई नाही हे कुणाच्या लक्षात आलं का?

मेरी क्लेटन. १९६९, लॉस एंजेलिस. मध्यरात्री फोन येतो की काही इंग्लिश पोरांना एक गायिका हवीय. ती गरोदर, केसांना कर्लर लावून झोपायच्या तयारीत. रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून, डोक्याला स्कार्फ गुंडाळून गेली, स्टोन्सच्या 'गिमी शेल्टर' चे थोडेच टेक दिले आणि घरी. वरच्या पट्टीत तिचा आवाज फाटतो ना, ती जागा ऐकली की माझ्या अंगावर काटा येतो, आणि रेकॉर्डवर मागे कुणीतरी खूश होऊन ओरडल्याचंही ऐकू येतं. त्यानंतर तिचं मूल पोटातच गेलं. आणि पहिल्या छपाईत कव्हरवर नाव काय छापलं, तर मेरीच्या स्पेलिंगची चूक. एवढं एक नाव नीट लिहिता येऊ नये?

दुसरी क्लेअर टोरी. पिंक फ्लॉइडचं 'द ग्रेट गिग इन द स्काय'. १९७३ चा जानेवारी, रविवारची रात्र, ॲबी रोड. शब्द नाहीत, चाल नाही, काय हवंय ते बँडलाही सांगता येत नाही. तिने स्वतःला एक वाद्य समजून गायलं आणि रविवारचा दुप्पट दर म्हणून तीस पाउंड घेऊन गेली. घेतील की नाही याचीही खात्री नव्हती, दुकानात रेकॉर्डवर स्वतःचं नाव दिसलं तेव्हा कळलं. २००४ ला कोर्टात गेली, पुढच्या वर्षी तडजोड झाली, आता सहसंगीतकार म्हणून नाव लागतं. तीस वर्षांनी!

म्हणून मला धागाकर्त्याचा प्रश्नच जरा अर्धवट वाटतो. गोंधळ म्हणजे नक्की काय होतं तिथे? 'काय हवंय ते आम्हाला माहीत नाही, तूच काहीतरी कर.' म्हणजे संगीत तिनेच रचलं की! मग ते सेशन कसलं? हे माझं वैयक्तिक मत.

साथीला_तबला
ताई, हजार टक्के. 'काहीतरी भारी टाक रे इथे' हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! त्या 'काहीतरी'चे पैसे वेगळे कधी मिळाले नाहीत. नेलकोतचंच बघा, व्हेंटिलेटरवाल्या गाण्याचा ठेका सॅक्सोफोनवाल्या बॉबी कीजने सुचवला. ड्रमर चार्ली वॉट्सला तो बसेना, तर कीज त्याच्या शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत राहिला आणि चार्लीने त्या धरून वाजवलं. हातावर ताल धरून देणं, आमच्याकडे गुरुजी करतात ते. गाण्यावर कीजचं नाव आहे का? नाही.

सातारी_तर्री
मला यातलं एकही गाणं माहीत नाही तरी सगळा धागा वाचला. वाचनखूण साठवली आहे.

व्हायोलिनची_पेटी
माझे बाबा हिंदी सिनेमात व्हायोलिन वाजवायचे, तिसऱ्या रांगेत. फोन आमच्याकडे नव्हता, मेसेंजर यायचा, म्हणजे वादकांना निरोप देणारा माणूस, दारातूनच 'उद्या नऊ, ताडदेव' एवढंच ओरडून जायचा. कुठलं गाणं, कोण गाणार काही नाही. बाबा रात्री गजाला राळ लावून, पांढरा शर्ट खुंटीला अडकवून ठेवायचे.

त्यांना मी एकदा बीटल्सच्या 'अ डे इन द लाइफ' ची गोष्ट सांगितली होती. फेब्रुवारी १९६७, चाळीस वादकांचा ऑर्केस्ट्रा, सगळे संध्याकाळच्या खास पोशाखात बोलावलेले, वर त्यांना वाटली खोटी नाकं आणि टोप्या. ऑर्केस्ट्राच्या म्होरक्या व्हायोलिनवाल्याच्या हातात गोरिलाचा पंजा! आणि बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनने सांगितलं की चोवीस मात्रांच्या तुकड्यात आपापल्या वाद्याच्या सगळ्यात खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत जा, आणि शेजाऱ्याचं अजिबात ऐकू नका.

मला वाटलं बाबा हसतील. ते गप्प बसले आणि मग म्हणाले, 'शेजाऱ्याचं ऐकायचं नाही? मग आम्ही जन्मभर काय केलं?' जरा वेळाने विचारलं, 'पैसे वेळेवर दिले का?'

खडूस_काका
@व्हायोलिनची_पेटी, बाबांना नमस्कार सांगा. आणि एक दुरुस्ती, राग मानू नका. मात्रा नाही, चोवीस बार, आपल्या भाषेत आवर्तनं म्हणा.

व्हायोलिनची_पेटी
बरोबर, चूक माझीच. बाबा असते तर त्यांनीही पकडली असती.

धूर_पाण्यावर
काका, गोंधळ नको म्हणता, मग स्टीली डॅन बँड घ्या. १९७७ चा 'आजा'. सगळं शिस्तीत, उत्तम स्टुडिओ, उत्तम पैसे, आणि 'पेग' मधल्या एका सोलोसाठी एकामागून एक नामवंत गिटारिस्ट बोलावून नापास केले, शेवटी जे ग्रेडनचा ठेवला. तो काय कमी छळ?

खडूस_काका
छळच. पण छळ वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपला.

तुणतुणं
काकांच्या घरचं लग्न मुहूर्ताच्या आधी लागत असणार.

कुर्ल्याचा_जॉर्ज
आता आपल्या गावचं सांगतो. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन १९६८ च्या जानेवारीत मुंबईला आला होता, एका सिनेमाच्या संगीतासाठी, फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. वाजवायला कोण तर शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया अशी मंडळी. स्टीरिओ मशीन नव्हतं म्हणून एचएमव्हीच्याच भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून ट्रेनने आणलं. स्टुडिओ ऑफिसांच्या वरच्या मजल्यावर आणि साउंडप्रूफिंगच्या नावाने बोंब. साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरून धाडधाड खाली उतरणाऱ्या लोकांचा आवाज, त्यामुळे रेकॉर्डिंग थांबवायचं. हॅरिसनने स्वतः सांगितलंय की त्या अल्बममध्ये नीट ऐकलं तर टॅक्स्यांचा आवाज येतो.

जगातला सगळ्यात मोठा रॉकस्टार बसलाय, आणि त्याला कोणी थांबवलं? सहा अठराची लोकल पकडणाऱ्या कारकुनांनी!

साथीला_तबला
आज पहिल्यांदा लोकल जिंकली.

याच निमित्ताने, अनिल भागवत. १९६६ चा एप्रिल, बीटल्सच्या 'लव्ह यू टू' वर तबला. लंडनमध्ये यांना फोन आला, संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्ज म्हणून आहे, त्याच्याबरोबर वाजवायचंय. कोण जॉर्ज ते सांगितलंच नाही. दाराशी न्यायला रोल्स रॉइस उभी राहिली तेव्हा ट्यूब पेटली. हॅरिसन म्हणाला रविशंकरांसारखं, सोळा मात्रांत काहीतरी, बाकी तुमच्या मनाने. आणि कव्हरवर नाव छापलं, तबला: अनिल भागवत. त्या काळात बाहेरच्या वादकाचं नाव कोण छापायचं? त्याचा अभिमान वाटतो असं त्यांनी पुढे सांगितलं होतं. आडनाव तर आपलंच वाटतंय, आमच्या गल्लीत तीन भागवत आहेत, तिघांनाही विचारून झालं, कोणी नातेवाईक निघाला नाही.

मीरा_मिरजकर
बघा, नीट नाव छापता येतं की. इच्छा असली की.

कीबोर्डवाला_पुणेकर
बाप रे, ऑफिसमधून येईपर्यंत धागा कुठे पोचला! सगळ्यांचे आभार. माझा प्रश्न अर्धवट होता हे मान्य, मीराताई. हॉपकिन्सबद्दल एक सांगायचं राहिलं. १९ व्या वर्षी तो पोटाच्या आजाराने जवळपास १९ महिने अंथरुणाला खिळून होता, ऑपरेशनवर ऑपरेशन. बँडबरोबर गावोगाव हिंडणं जमेना म्हणून सेशनला लागला. मी तापात चार दिवस पडलो तर वैतागलो, हा माणूस तिथून उठून थेट 'माय जनरेशन' अल्बमवर वाजवायला गेला. गेला बिचारा १९९४ ला, पन्नाशीत.

पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही अजून! कुठून सुरू करू?

बार्न्सचा_बाळ्या
'शीज अ रेनबो'. सुरुवातीचा पियानो ऐकून लहान मुलंही थांबतात. मग 'मंकी मॅन' ची सुरुवात, मग 'अँजी'. शेवटी परत 'सिम्पथी', फक्त डावा हात ऐकायचा.

ऑर्गनदाता
बीटल्सच्या 'रिव्होल्यूशन' मधला इलेक्ट्रिक पियानो विसरू नका, सिंगलवाला. त्या गुरगुरणाऱ्या गिटारींमध्ये तो कसा उड्या मारत येतो!

खडूस_काका
जो कॉकरचं 'यू आर सो ब्यूटिफुल'. पियानो आणि थकलेला आवाज. तिथे कसलाही गोंधळ ऐकू येत नाही.

तुणतुणं
काकांना शांतताच हवी.

कीबोर्डवाला_पुणेकर
यादी केली. आत्ता आधी हॅरिसनचा मुंबईवाला अल्बम लावलाय, टॅक्सी शोधतोय. एक हॉर्न अगदी स्पष्ट ऐकू आला, उठून बसलो, रिवाइंड केलं तर नाही. खिडकीखाली रिक्षावाला होता.

साथीला_तबला
खिडकी लावा. आणि साडेपाचच्या आत ऐकून घ्या.